रुतलेल्या गाडीला दोर कुठे बांधायचा?

(आपल्या सामुदायिक रेडिओवर पावसाळ्याच्या तोंडावर झालेलं हे बोलणं, गटांच्या मागणीवरून छापत आहोत.)



रोहिणी सरत आल्या, आता मृग लागेल. बियाणं, खत, छपरावरचे पत्रे, जनावरांची वैरण, सगळ्याची तयारी घरोघर चालू असेल. आज ज्या गोष्टीबद्दल मी बोलणार आहे, तिची तयारी मात्र कुणी करत नाही. ती म्हणजे चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढणं. पाऊस झाला की पाणंद रस्त्यात जीप रुतते, बाजाराला निघालेला छोटा हत्ती रुततो, उसाच्या हंगामात भरलेली ट्रॉली फडातच बसते. मग कुणीतरी ट्रॅक्टर आणतं, कुणीतरी दोर आणतं, हाताला येईल त्या जागी गाठ मारली जाते आणि "ओढ रे!" म्हणून आरोळी उठते.

तुम्ही म्हणाल, हे गडीमाणसांचं काम, आम्हाला काय त्याचं? तर गाडीत बसलेल्या आपण असतो. ढकलायला उतरतो त्या आपण. पोरांना कडेवर घेऊन बघत उभ्या राहतो त्याही आपणच.

दोन वर्षांपूर्वी आषाढात आमच्या गटातल्या आठ जणी पिकअपमधून तालुक्याला प्रशिक्षणाला गेलो होतो. येताना ओढ्याच्या उतारावर गाडी रुतली. शेजारच्या रानातला ट्रॅक्टर आला. पिकअपच्या तोंडाला लोखंडी पाइपाचं मोठं गार्ड होतं, चांगलं मनगटाएवढ्या जाडीचं. चालकाने नायलॉनचा दोर त्यालाच बांधला. सगळ्यांना वाटलं, एवढं जाड लोखंड, ते कशाला तुटतंय? ट्रॅक्टरने दोन हिसके दिले. तिसऱ्या हिसक्याला गार्ड बोल्टासकट उखडलं आणि ताणलेल्या दोराबरोबर ट्रॅक्टरच्या दिशेने उडालं. माझी धाकटी जाऊ ट्रॅक्टरच्या मागच्या चाकापाशी उभी होती. रुतलेल्या गाडीपासून लांब, म्हणून ती जागा तिला बरी वाटली होती. तिच्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. आज ती चालते, पण खुरपायला खाली बसता येत नाही. ज्या बाईची अर्धी कमाई खुरप्यावर, तिला खाली बसता येत नाही म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

त्यानंतर मी गटाच्या अवजार बँकेचा ट्रॅक्टर चालवायला शिकले. आणि ज्या मिस्त्रींकडे तो दुरुस्तीला जातो, त्यांच्या मागे लागून एकेका गाडीखाली वाकून बघितलं, की दोर नेमका कुठे बांधायचा. तेच आज तुम्हाला सांगते.

जू मानेवर ठेवतो, शिंगांवर नाही

बैलाला औताला जुंपताना आपण जू त्याच्या मानेवर ठेवतो. शिंगंही दणकट असतात, पण आपण ओढ शिंगांना देत नाही. गाय गाळात रुतली तरी गळ्यात दोर टाकून तिला कुणी ओढत नाही. पोटाखालून पट्टा घेऊन तिला बाहेर काढतात. ओढ कुठे सोसेल हे जनावराच्या बाबतीत आपल्याला कळतं. गाडीचंही तसंच आहे.

गाडीचा कणा म्हणजे चेसी. जीप, पिकअप, छोटा हत्ती, ट्रक यांच्या पोटाखाली पुढून मागे दोन जाड लोखंडी पट्ट्या गेलेल्या असतात, त्यांच्यावर बाकी सगळी गाडी बसवलेली असते. लहान मोटारींना अशी वेगळी चेसी नसते. त्यांचा सांगाडा आणि पत्रा एकत्रच घडवलेला असतो, आणि ओढायची जागा त्यातल्या मजबूत भागात दिलेली असते. बंपर, गार्ड, पायरी, नंबरप्लेटची पट्टी ही सगळी वरची कातडी. ती दिसायला कितीही जाड असो, तिच्यामागे दोन-चार बारीक बोल्ट आणि पातळ पट्टीच असते.

म्हणून दोर बांधायच्या जागेला एकच प्रश्न विचारायचा: ही जागा कण्याला धरून आहे की कातडीला? जवाब ठाऊक नसेल तर खाली वाकून बघायचं. लाज वाटायचं काही कारण नाही. चुलीला फुंकर घालायलाही आपण वाकतोच.

ओढ केवढी असते?

आपल्याला वाटतं, गाडीला चाकं आहेत, जरा ओढली की येईल. सडकेवर बंद पडलेली गाडी चार माणसं ढकलतात, हे खरं. पण चिखलात हिशोब बदलतो. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, चाकाला चिकटते आणि गाडीच्या पोटाला खालून धरून ठेवते. गाळात रुतलेला पाय उपसताना चप्पल आतच राहते ना, तसं.

लष्करात गाड्या काढणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे. चाकं गाळात गेली असतील तर गाडीच्या भरलेल्या वजनाएवढी ओढ लागते. मडगार्डपर्यंत रुतली तर वजनाच्या दुप्पट, आणि केबिनपर्यंत गेली तर तिप्पट. आता बघा, भरलेला छोटा हत्ती दीड टनाच्या आसपास भरतो. तो मडगार्डपर्यंत बसला तर तीन टनांची ओढ आली. पन्नास किलोची साठ पोती एका हुकाला टांगल्यासारखं आहे हे. बंपरच्या दोन बोल्टांनी ते कसं पेलावं?

शिवाय हे झालं सावकाश ओढल्यावरचं. हिसका दिला की ओढ त्याच्याही कितीतरी वर जाते. ट्रॅक्टरचा वेग दुप्पट केला तर हिसक्यातला जोर चौपट होतो.

म्हणून पहिलं काम दोर बांधण्याचं नाही, ओढ कमी करण्याचं. आधी माणसं उतरवा, मग माल उतरवा. इंजिन बंद करून, हँडब्रेक लावून चाकांपुढची माती खोऱ्याने काढा. पोट टेकलं असेल तर तिथलीही माती मोकळी करा. चाकापुढे दगड, फळ्या, तुराट्या, पाचट घाला. चाकांतली हवा थोडी कमी केली तरी चाक पसरतं आणि धरतं. सडकेला लागल्यावर मात्र ती आठवणीने भरायची. अर्धा तास हे केलं तर पुष्कळदा गाडी आपल्या पायांनी बाहेर येते. आली नाही तरी हुकावरचा भार खूप हलका झालेला असतो.

बांधायच्या जागा

आता एकेक गाडी घेऊ.

जीप आणि पिकअपला चेसीच्या टोकाशी बोल्टने घट्ट बसवलेला जाड हूक किंवा कडी असते, पुढे तरी किंवा मागे तरी. गाडीबरोबर जे पुस्तक मिळतं त्यात ही जागा चित्रासकट दाखवलेली असते. पुस्तक हरवलं असेल तर ज्या दुकानातून गाडी घेतली तिथे किंवा जाणत्या मिस्त्रींना विचारायचं.

ट्रकला पुढच्या बाजूला, बंपरच्या आत, जाड पिन घालायची जागा असते. ती चेसीला धरून असते.

लहान मोटारींना बाहेरून काहीच दिसत नाही. त्यांच्या बंपरवर एक छोटं चौकोनी किंवा गोल झाकण असतं. ते काढलं की आत आट्यांचं भोक दिसतं. जॅक आणि पान्याबरोबर एक आट्यांची कडी ठेवलेली असते, ती त्या भोकात शेवटपर्यंत पिळून बसवायची. काही गाड्यांत हे आटे उलटे असतात, तेव्हा डावीकडे फिरवून बघा. कडी अर्धवट बसली तर वाकते किंवा निसटते. आणि ही कडी बंद गाडी सडकेवरून सरळ ओढून न्यायला दिलेली आहे. खोल गाळातून हिसक्याने उपटायला नाही, बाजूने ओढायलाही नाही.

ट्रॅक्टर स्वतः रुतला असेल तर पुढे, आसाच्या वरच्या जाड लोखंडी ठोकळ्याला ओढायची पिन किंवा कडी असते. मागे ओढायचा असेल तर खालचा हूक, ज्याला ड्रॉबार म्हणतात.

उसाची भरलेली ट्रॉली बसली असेल तर ट्रॉली आणि ट्रॅक्टर एकदम उपटायचा हट्ट करू नका. ट्रॉलीच्या चाकांना दगडाची उटी लावा, दांड्याखाली भक्कम टेकू द्या, ट्रॅक्टर सोडवून कठीण जमिनीवर न्या आणि लांब पट्टा लावून ट्रॉलीच्या दांड्याच्या कडीला सरळ ओढा. बाजूने ओढली तर भरलेली ट्रॉली कलंडते. फडात मोळ्या वाहणाऱ्या बायका आणि त्यांची लेकरं ट्रॉलीभोवतीच असतात, हे चालकाच्या लक्षात नसतं. आपण लक्षात आणून द्यायचं.

जागा सापडली तरी ती डोळे झाकून वापरायची नाही. हात फिरवून बघा. बोल्ट सगळे आहेत का? कडीला तडा आहे का? गंजाचे पापुद्रे सुटतात का? हूक आधीच वाकलेला आहे का? आपल्या भागात एक सवय आहे. बांधकामाची सळई वाकवून हूक करायचा आणि वेल्डिंग मारून बंपरला चिकटवायचा. ट्रॉलीवरची ताडपत्री बांधायला तो ठीक आहे. गाडी ओढायला नाही. वेल्डिंगचा डाग बाहेरून चकचकीत दिसतो, आतून किती धरला आहे ते कळत नाही.

इथे बांधायचं नाही

बंपर आणि गार्डचं सांगून झालं. असं पुढे वेगळं गार्ड बसवणं मोटार वाहन कायद्याच्या विरुद्ध आहे, हे केंद्र सरकारने २०१७ सालीच राज्यांना कळवलेलं आहे. तरी पुष्कळ गाड्यांना ते दिसतं.

स्टेअरिंगचा रॉड, पुढच्या चाकांचे दांडे, पाटे, जॉइंटचा दांडा यांनाही दोर अडकवायचा नाही. चिखलात वाकल्यावर हीच जागा हाताशी येते, म्हणून हा मोह फार होतो. गाडी तेव्हा निघते आणि सगळे खूश होतात. पण रॉड वाकलेला असतो किंवा सांधा ढिला झालेला असतो. चार दिवसांनी भर वेगात स्टेअरिंग हातातून जातं, तेव्हा त्या दोराची आठवणही कुणाला नसते.

नव्या गाड्यांच्या पोटाखाली पातळ पत्र्याच्या लहान कड्या किंवा भोकं असतात. कारखान्यातून गाडी मोठ्या ट्रकवर चढवून नेताना ती हलू नये म्हणून बांधून ठेवायला ती असतात. बऱ्याच जणांना तीच ओढायची जागा वाटते. ती उभी गाडी धरून ठेवते, रुतलेली गाडी उपटत नाही.

काही जीपगाड्यांना मागे छोटी ट्रॉली जोडायला लोखंडी गोळा बसवलेला असतो. त्यालाही दोर लावायचा नाही. ऑस्ट्रेलियात लोक वाळूत आणि चिखलात जीपगाड्या फार फिरवतात. तिथे या गोळ्याला पट्टा अडकवून हिसका दिल्यावर गोळा तुटून माणसं दगावली आहेत. तिथे ताणणाऱ्या पट्ट्यांवर धोक्याची सूचना छापणं कायद्यानेच बंधनकारक केलेलं आहे. गोळा ट्रॉलीचं वजन सावकाश ओढायला केलेला असतो. हिसका बसला की तो मानेपाशी तुटतो आणि गोफणीतल्या दगडासारखा सुटतो.

आणि जेसीबी बोलावला तर त्याच्या बकेटच्या दातांना साखळी अडकवू देऊ नका. दात ती ओढ सोसायला केलेले नसतात, आणि साखळीही त्यावरून घसरते.

ओढणाऱ्या ट्रॅक्टरची जागा

आतापर्यंत रुतलेल्या गाडीचं बोललो. पण दोराला दोन टोकं असतात, आणि चालकाचा जीव दुसऱ्या टोकाला असतो.

ट्रॅक्टरने ओढायचं तर मागच्या खालच्या हुकालाच, म्हणजे ड्रॉबारलाच. टॉप लिंकला नाही, उचललेल्या हायड्रॉलिकच्या दांड्यांना नाही, आसाच्या घराला नाही, सीटच्या मागच्या कुठल्याही उंच जागेला नाही. कारण सांगते. इंजिनची ताकद मागची चाकं फिरवते. समोरची गाडी हलत नाही आणि चाकंही घसरत नाहीत, तेव्हा तीच ताकद ट्रॅक्टरचं तोंड वर उचलायला लागते. दोर खाली ड्रॉबारला असेल तर तोंड थोडं उचलताच हूक आणखी खाली जातो आणि ओढ आपोआप कमी होते. दोर आसाच्या वर बांधलेला असेल तर मात्र ओढ ट्रॅक्टरला मागे उलथवते. तोंड उचलायला लागल्यापासून सावरण्यापलीकडे जायला पाऊण सेकंद लागतो. "अगं बाई" म्हणेपर्यंत ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर असतो. क्लच दाबायला वेळच मिळत नाही.

दुसरी एक जुनी युक्ती आहे, तीही बंद करायची. ट्रॅक्टर रुतला की मागच्या दोन्ही चाकांना आडवं लाकूड साखळीने बांधतात, म्हणजे चाक लाकडावर चढेल. लाकूड गाळात अडकलं की चाकं फिरायची थांबतात, आणि मग चाकांऐवजी अख्खा ट्रॅक्टर आसाभोवती फिरतो. त्यापेक्षा माती काढून, जमलं तर मागच्या मागे बाहेर यावं. पुढे जमत नसेल तर दुसरा ट्रॅक्टर बोलवावा.

घरचा माणूस ट्रॅक्टर चालवत असेल तर एवढं एक त्याला आवर्जून सांगा: दोर खाली, गिअर हलका, क्लच सावकाश.

दोर, पट्टा, साखळी

जागा चांगली असली तरी जोड कच्चा असेल तर उपयोग नाही. साखळी ताणत नाही, म्हणून हिसक्याला एकदम तुटते. तिने ओढायचंच तर आधी ताण घ्यायचा आणि मग मुंगीच्या पावलाने ओढायचं. नायलॉनचा दोर ताणतो आणि गलोलीच्या रबरासारखा जोर पोटात साठवून ठेवतो. काही तुटलं तर तो सगळा जोर तुटलेल्या तुकड्याला मिळतो. आमच्या ओढ्यात तेच झालं. खास ताणणारे पट्टेही बाजारात मिळतात, पण ते शिकलेल्या हातांनी वापरायचे. आपल्याला चपटा, न ताणणारा, दोन्ही टोकांना शिवलेले फासे असलेला पट्टा बरा. त्यावर किती टनांचा ते लिहिलेलं असतं.

दोराला गाठ मारली की त्या जागी त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. म्हणून गाठ नको. पट्ट्याचा फास आणि गाडीची कडी जोडायला शॅकल वापरा. घोड्याच्या नालेसारखा लोखंडी आकडा आणि त्याला आट्यांची पिन, असा तो असतो. चांगल्या शॅकलवर ४.७५ टन, ३.२५ टन असा आकडा कोरलेला असतो. काहीच कोरलेलं नसेल तर तो गाडी ओढायला घ्यायचा नाही. पट्टा तोकडा पडला म्हणून दोन पट्टे शॅकलने जोडायचे नाहीत. मधेच लोखंड असलं की ते तोफगोळ्यासारखं उडतं.

गाडीला पुढे दोन हूक असतील तर दोन्हींना मिळून पट्टा लावणं चांगलं, भार वाटला जातो. पण इथे एक मेख आहे. भरलेली बादली दोघींनी धरून आणायची असेल तर आपण जवळजवळ चालतो. लांब लांब चाललो तर बादली तेवढीच, पण हात जास्त भरून येतात. पट्ट्याच्या दोन पायांचं तसंच आहे. ते अरुंद असतील, म्हणजे त्यांच्यातला कोन ६० अंशांच्या आत असेल, तर प्रत्येकावर निम्म्याहून थोडाच जास्त भार येतो. फाकवून कोन १२० अंशांवर गेला तर प्रत्येक पायावर पूर्ण भार येतो, म्हणजे दोन हूक असून नसल्यासारखे. म्हणून पट्टा लांब घ्यायचा आणि पाय अरुंद ठेवायचे.

ओढायच्या आधी पट्ट्याच्या मध्यावर ओलं गोणपाट किंवा जुनी जड गोधडी टाका. काही तुटलंच तर थोडा जोर ती खाली दाबते. पण तिच्या भरवशावर जवळ उभं राहायचं नाही.

आपण कुठे उभं राहायचं?

पट्टा जेवढा लांब, त्याच्या दीडपट दूर. १० मीटरचा पट्टा असेल तर १५ मीटर, म्हणजे वीस-पंचवीस पावलं. आणि बाजूला. दोराच्या रेषेत कधीच नाही, ना रुतलेल्या गाडीच्या पुढे, ना ट्रॅक्टरच्या पुढे किंवा मागे. माझ्या जावेची चूक एवढीच, की धोका रुतलेल्या गाडीपाशी असतो असं तिला वाटलं. तुटलेली वस्तू दोन्ही टोकांकडे जाऊ शकते.

ताणलेल्या दोरावरून ओलांडून जायचं नाही. ओढ चालू असताना मागून ढकलायला कुणी लागायचं नाही, कारण चाक सुटलं की दगड उडतात आणि गाडी मागेही येते. लेकरं एका जाणतीच्या ताब्यात द्यायची. चालकाला खूण करणारं माणूस एकच असावं. दहा जण ओरडले तर तो कुणाचं ऐकणार?

इतकं करूनही कुणाला लागलंच, तर उचलून धावपळ करू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, मोडलेला पाय हलवू नका आणि १०८ ला फोन लावा.

गटाने काय करायचं?

आमच्या गटाने गेल्या वर्षीपासून एक रीत घातली आहे. गटाची मंडळी ज्या ज्या गाड्यांतून जातात, त्यांच्या चालकांना मृगाच्या आधी एका दिवशी बोलावलं. मिस्त्रींनी प्रत्येक गाडीखाली वाकून ओढायची खरी जागा दाखवली आणि आम्ही तिथे पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा ओढला. आता अंधारात, पावसात, घाईत कुणी विचारत नाही की बांधायचं कुठे. पिवळं दिसलं की तिथेच. ज्या दोन गाड्यांना धड जागाच नव्हती, त्यांच्या मालकांना चेसीला बोल्टने बसणारा हूक कंपनीच्या माणसाकडून बसवून घ्यायला सांगितलं. एकाने बसवला. दुसऱ्याच्या गाडीतून आम्ही पावसाळ्यात जात नाही.

अवजार बँकेत एक पोतं भरून ठेवलं आहे. त्यात एक चपटा पट्टा, आकडा कोरलेले दोन शॅकल, जाड हातमोजे, एक खोरं, दोन फळ्या आणि एक जुनी गोधडी. दर अमावस्येला हिशोबाच्या बैठकीत ते उघडून बघतो. पट्ट्याला चीर गेली असेल तर तो बाद.

आणि एक नियम. दोर ताणण्याआधी बांधलेल्या दोन्ही जागांवर एका बाईने बोट ठेवून मोठ्याने म्हणायचं, "ही कण्याला आहे." तिला तसं म्हणता आलं नाही तर ओढायचं नाही. पहिल्यांदा गडीमाणसं हसली. मागच्या श्रावणात त्याच ओढ्यात एक टेम्पो रुतला. चालकाने दोर पाट्याला बांधला होता. माझी जाऊ काठी टेकत खाली आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "ही कण्याला नाही. सोडा." चालक कुरकुरला, पण त्याने दोर सोडला. आम्ही माल उतरवला, माती काढली, पिवळा हूक शोधून पट्टा लावला. सव्वा तास गेला. टेम्पो निघाला, आणि सगळी माणसं आपापल्या पायांनी चालत घरी गेली.

तेव्हा मैत्रिणींनो, या रविवारी तुमच्या गावातल्या गाड्यांखाली वाकून बघा. पिवळ्या रंगाचा लहान डबा गटाच्या खर्चातून येतो. तुमच्या गटाने किती गाड्यांवर पट्टे ओढले ते आपल्या रेडिओला जरूर कळवा.

नमस्कार.